सगळ्या शीटमध्ये

नेपियर टाउनमध्ये दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट पाहत होतो. समोरच्या बाकावर एक मावशी आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली एक मुलगी.

"प्रतिमा, मंडळाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मलाच काहून नाही आलं?"

"बोलावणी पाठवणाऱ्या मुरलीधरकाकांनी तुमचं नाव सभासदांच्या यादीत दीक्षितपुऱ्याच्या शीटवर शोधलं, मावशी. तुम्ही तर घर बदललं, आता विजय नगरच्या शीटमध्ये आहात."

"मग तिथे पाहायचं ना."

"एक्सेल आपल्या मनानं समोरच्याच शीटमध्ये शोधतं. सेटिंग बदललं, तरी बंद करून उघडलं की परत तसंच. म्हणून मी मॅक्रो लिहिला. आता फाइल उघडली की शोध आपोआप सगळ्या शीटमध्ये जातो."

"सगळ्या?"

"सगळ्या. एक नाव सुटणार नाही."

"अच्छा. चलो, माझ्या ताईला शोध. इंदिरा देशकर."

"सापडल्या. पण मावशी, त्या तर शेवटच्या शीटमध्ये आहेत. दिवंगत सभासदांच्या."

"माहीत आहे. मीच तिचं नाव तिथे टाकायला सांगितलं होतं. तुझा शोध खरंच सगळीकडे जातो का, ते पाहून राहिली होती."