आनंदा गुळव्याचं बिघडलेलं आदण

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एवढंच सांगा — पोर परीक्षेत पडलं, तर बापानं काय करावं? ओरडावं? का शेजारच्या पोराचे मार्क वाचून दाखवावेत? हसू नका! हसणाऱ्यांची घरं मला माहीत आहेत!

तर ऐका. आमच्या कोल्हापूरकडं एक आनंदा गुळव्या होता. उसाचा रस उकळून गूळ कधी उतरवायचा, हे ठरवणारा तो गुळव्या. तीस वर्षं काहिलीपाशी, रसाच्या त्या मोठ्या कढईपाशी उभा! काहिलीत एका वेळी उकळतात तेवढा रस म्हणजे एक आदण. थेंब पाण्यात सोडायचा, गोळी झाली की म्हणायचा — उतरा! त्याचा गूळ बसला नाही, असं कधी झालंच नाही. आणि त्याची त्याला मिजासही होती बरं का!

त्याची लेक शिवांजली बारावीला. सराव परीक्षेत फिजिक्सला सत्तरपैकी अकरा! बोर्डाला उरले तीन आठवडे. पोरगी बापाचा डबा घेऊन गुऱ्हाळावर आली आणि उकळत्या काहिलीपाशीच म्हणाली, "आबा, मी बोर्डाला बसणार न्हाई."

"का गं?"

"मला जमणार न्हाई. सगळी हसत्यात. कॉलेजच सोडते."

बापाचं लक्ष काहिलीवरून उडालं! पोरीकडं वळला — आणि त्या गडबडीत, थेंब न तपासताच, तोंडातून निघून गेलं, "उतरा रे!"

गड्यांनी काहील ओढली, गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतली. वाट बघितली. गूळ बसेना! बोट घातलं तर नुसता चिकट लगदा! उसाचा मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "आनंदा, तुझं आदण बिघडलं?"

"पोरीमुळं झालं!" — किती सोपं होतं म्हणायला! आपण हेच म्हटलं असतं. त्याच्याही ओठावर आलं होतं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात पोरगीच रडत म्हणाली, "आबा, माझ्यामुळंच..."

"गप!" आणि सगळ्यांदेखत, मोठ्यानं — "माझं चुकलं! मी घाई केली!"

बापाच्या तोंडून हे शब्द पोरीनं जन्मात पहिल्यांदा ऐकले, मंडळी!

"मग आता टाकून द्यायचा?" तिनं विचारलं.

"करपला असता तर टाकला असता. ह्यो कच्चा हाय. जाळ वाढवा रे! पुढच्या आदणात चढवा!"

पोरीनं ओढणी कमरेला खोचली. बापाच्या बरोबरीनं लगदा बादल्यांत भरला, नव्या रसात घातला. घाम गळत होता, हात चिकटत होते, पण दोघंही थांबले नाहीत. आणि या खेपेला गूळ बसला!

हात धुताना ती हळूच म्हणाली, "आबा, माझंबी कच्चंच हाय का?"

"मग काय करपलंय? अकरा मार्क हायत की! जा, पुस्तक काढ."

तिनं काढलं. तीन आठवडे अडली, चिडली, रडली, पण पुस्तक मिटलं नाही. आणि बोर्डाच्या पेपराला जाऊन बसली!

"महाराज, मार्क किती पडले?" — बघा! आलाच प्रश्न! नाही सांगणार! पोरगी उठून उभी राहिली, ते दिसलं नाही होय तुम्हाला?

अहो बाबांनो, तुम्ही कुठं पडला होतात, कुठं हुकला होतात, हे तुमच्या पोरांना कधी सांगितलंत का? त्यांना वाटतं, आमच्या घरात चुकणारा मी एकटाच! त्या एकटेपणानं पोरं खचतात हो! आज घरी जाऊन पोराला जवळ घ्या, आणि आपली एक तरी चूक त्याला खरी खरी सांगा. आणि पोरांनो, तुम्ही? उद्या सकाळी पुस्तक उघडायचं — जिथं अडलंय, त्याच पानावर! म्हणा विठ्ठल, आणि लागा कामाला!