हवा बदलत राहिली पाहिजे

—नाही हो, तुम्ही खुशाल मोठ्यानं बोला, त्यांना काही ऐकू जात नाही. कानातलं यंत्र तिकडे आहे, ती बघा, खिडकीत, औषधांच्या बाटल्यांमागे निळी डबी. घातलं की डोकं भणभणतं म्हणतात. माझे सासरे कोर्टात लघुलेखक होते — साहेब बोलणार, वकील बोलणार, साक्षीदार रडणार, आणि हे खाली मान घालून शब्द न् शब्द उतरवून घेणार. छत्तीस वर्षं. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, आता मला कुणाचं काही ऐकायचं नाही. आणि खरंच, पुढं कान गेले. माणसाच्या सगळ्या इच्छा अशा पुऱ्या झाल्या असत्या तर! — हां, गादी ओढा तुमच्याकडे, मी पलीकडून धरते. त्यांना आपण गॅलरीत बसवलं ते बरं झालं, बसतील तासभर डोंगराकडे बघत. खुब्याचं हाड मोडल्यापासून एवढंच — पलंग, नाहीतर ती खुर्ची.

उशीर झाला म्हणून काय वाईट वाटून घेताय, इथं वेळेवर कुणीच येत नाही, ऊनसुद्धा नाही. जाहिरातीत काय लिहिलं होतं माहितीये? ‘डोंगराच्या कुशीत वसलेलं’. कुशीत कसलं, काखेत आहे! अकराला ऊन येतं, साडेतीनला जातं. कपडे दोन दिवस ओले. धुकं उतरलं की समोरचं घर दिसत नाही — त्याचं मात्र दुःख नाही, समोरच्या घरात सकाळी साडेपाचला सनई शिकणारे एक गृहस्थ राहतात, ते न दिसलेलेच बरे. आणि डोंगर, डोंगर! पाहुणे येतात, आ वासून बघतात, म्हणतात काय हो नशीबवान तुम्ही. अहो, तो काही करत नाही. नुसता बसलेला असतो. आमच्या ह्यांच्यासारखा. — नाही, ते काही नुसते बसत नाहीत, चुकून बोलले. छापखान्यात आहेत. दोन तास जायला, दोन तास यायला, बस बदलून.

आम्ही इथं कसे आलो? तुम्ही पण विचारलंत! सगळेच विचारतात. बाबांसाठी हो. डॉक्टरांनी हवापालट सांगितला. शहरात आमचं चांगलं चाललं होतं, घरचीच दुमजली इमारत, खाली आम्ही, वर मोठे दीर आणि जाऊबाई — पण बाबांचं दुखणं लांबलं, पाठीला जखमा व्हायला लागल्या, डॉक्टर म्हणाले हवा बदला, मग काय, वडिलांपुढं दुसरं काही बघायचं का? ह्यांनी एका महिन्यात बिऱ्हाड हलवलं. पोरगी तेव्हा सातवीत. मैत्रिणीच्या गळ्यात पडून अशी रडली की त्या मैत्रिणीच्या आईनं मला वाईट नजरेनं बघितलं. खोक्यांवर काय आहे ते लिहायचं काम ह्यांच्याकडे. छापखान्यातला माणूस, अक्षर मोत्यासारखं. पण प्रत्येक खोक्यावर काय लिहिलं? ‘महत्त्वाचे’. त्रेचाळीस खोकी, सगळी महत्त्वाची! तीन दिवस आम्हाला चहाची गाळणी सापडली नाही. तर असं ते — बाबांच्या तब्येतीसाठी. मुलगा असावा तर असा, म्हणतात सगळे. सून असावी तर अशी, हेही म्हणतात. म्हणू देत.

काय म्हणालात? नाही, पंपाला काय झालं म्हणालात? — हवा बदलत नाहीये?

थांबा. मला हसू येतंय. अहो, तुम्हाला नाही हसत, तुमचं चालू द्या. नाही, तुम्ही नीटच सांगितलंत — एक पट्टा फुगायचा, शेजारचा बसायचा, मग ह्याची हवा त्याच्यात, त्याची ह्याच्यात, म्हणजे अंगाचा भार एका जागी राहत नाही — कळलं मला. दोन वर्षांपूर्वीच कळलंय. अगदी हेच शब्द होते. ‘हवा बदलत राहिली पाहिजे.’ कुणाचे म्हणजे? डॉक्टरांचे.

जाऊ दे, तुम्ही परके, बस पकडून निघून जाल, तुम्हाला सांगायला काय हरकत आहे. तर त्या दिवशी डॉक्टर घरी आले. बाबांना कुशीवर केलं, पाठ बघितली, मग ही गादी हातानं अशी दाबून बघितली — ही हीच गादी, तेव्हा नवीन होती — आणि म्हणाले, हवा बदलत राहिली पाहिजे, नाहीतर पाठ सोलून निघेल. खोलीत मी एकटी. म्हणजे बाबा होते, पण त्यांचं असणं म्हणजे हे असं. डॉक्टरांनी पंपाचं बटण फिरवून दाखवलं, पिशवी उचलली, निघाले. आणि दारात हे, हातात चहाचा कप घेऊन. ‘काय म्हणाले? हवा बदला? म्हणजे हवापालट?’

मी खोटं बोलले नाही हो. देवाशपथ नाही बोलले. मी फक्त ‘नाही’ म्हणाले नाही. डॉक्टर ओट्याच्या पायऱ्या उतरत होते, हाक मारली असती तर चार पायऱ्या चढून परत आले असते. मी नाही मारली. हे म्हणाले, ‘कुठली हवा?’ आणि माझ्या तोंडून गेलं, ‘डोंगराची.’ तेवढा एक शब्द माझा. बाकी सगळं डॉक्टरांचं.

असं बघू नका माझ्याकडे. पाना पडला तुमचा, तिकडे, पलंगाखाली. — का म्हणजे? तुम्हाला वरचा मजला माहीत नाही म्हणून विचारताय. आमच्या जाऊबाई. मी त्यांना सरकार म्हणते — मनात. त्यांच्याकडे एक काठी होती, जमिनीवर आपटायची. आमचं छत म्हणजे त्यांची जमीन. एक ठोका, वर ये. दोन, पाण्याची मोटार लाव. तीन, तुमचा आवाज फार होतोय. चौदा वर्षं! पोरगी लहान असताना ठोके मोजायला शिकली, आकडे नंतर. मी कणीक मळताना, आंघोळीत, तापानं फणफणलेली — ठोका आला की हात पुसायचा आणि जिना चढायचा. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणायचे, वहिनी मनानं चांगल्या आहेत. असतील! मन त्यांनी कधी खाली पाठवलं नाही, काठीच पाठवली. आणि बाबांचा पलंग त्या काठीच्या बरोबर खाली. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पोपडे पडायचे, मी उशी झटकायची. त्यांनी एकदाही विचारलं नाही, हे पांढरं काय पडतं म्हणून. ऐकू येत नाही ते बरंच आहे, मी म्हणायची.

आणि इथं आल्यावर — तुम्ही खाली पिवळी व्हॅन बघितलीत? शाळेची? ती मी चालवते. हो, मी! शहरात मला दिरांच्या गाडीचं पुढचं दार उघडायला बंदी, हँडल सैल होतं म्हणे. इथं बस थांबते खाली, शाळा वर, मधली चढण तुम्ही चढून आलात, तुम्हाला सांगायला नको. आधीचा व्हॅनवाला सोडून गेला, पोरं पंधरा दिवस घरी. मी म्हटलं, मी शिकते. शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी देवाचं नाव घेतलं, तिसऱ्या दिवशी माझं घ्यायला लागला. आता सोळा पोरं, सात वळणं, दोन फेऱ्या. तिसऱ्या वळणावर सगळी पोरं एका बाजूला कलंडतात आणि ओरडतात — मुद्दाम हो, एवढं काही वळण नाही — आणि मी आरशात बघून ओरडते, गप्प बसा रे. तेव्हा मला असं वाटतं, काय सांगू, आतून इतकं बरं वाटतं की भीतीच वाटते. त्या डोंगराला मी नावं ठेवते ना, ती सवयीनं. तो काही करत नाही हेच त्याचं मला आवडतं. काही मागत नाही. ठोकत नाही.

मग? मग काय. रविवारी येतायत सरकार. दीर आणि त्या. कारण निघतानाच ठरलं होतं — दोन वर्षं बघू, बाबांना फरक पडला तर ठीक, नाही पडला तर परत खाली. दोन वर्षं रविवारी होतात. खालचा मजला त्यांनी अजून रिकामा ठेवलाय, झाडूनपुसून. आणि त्या आल्या की पहिल्यांदा काय करतील माहितीये? बाबांची पाठ बघतील. दोन वर्षं पाठ चांगली होती, कोरी, अगदी बाळासारखी. डोंगराची हवा मानवली, म्हणायचे सगळे. मी पण म्हणायची. हवा कुठली ते नाही सांगायची. — आणि आता तुमचा हा पंप!

अकरा दिवस झाले बंद पडून. हो, अकरा. तुम्हाला फोन परवा केला. का नाही केला आधी? — कारण फोन केला असता तर हे म्हणाले असते, बघू, काय बिघडलंय, ते माहितीपत्रक आण. आणि पत्रकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरात काय छापलंय? तुम्हाला पाठच असेल. छापखान्यातला माणूस पत्रक वाचल्याशिवाय राहत नाही हो. तेव्हा मी अकरा दिवस त्यांना हातानं वळवलं. दर दोन तासांनी. व्हॅनची फेरी, बाबांना डावीकडे, फेरी, बाबांना उजवीकडे. कंबर गेली माझी. तरी काल माकडहाडाशी लाल चट्टा दिसला. एवढासा. नाण्याएवढा. मी बघितला आणि तिथंच पलंगाच्या कडेला बसले. माझी मलाच लाज वाटली. माझी व्हॅन, माझं दार, माझा डोंगर — आणि पाठ त्यांची. ज्या माणसानं मला आजवर एका शब्दानं दुखवलं नाही, त्याची. ते मात्र मान वळवून माझ्याकडे बघून हसले. माझं काय चाललंय ते त्यांना बिचाऱ्यांना कुठं ठाऊक.

झालं? लागला? — आहाहा, ऐका, घुर्र करतोय. डावा फुगला, उजवा बसला. तुमचे पाय धरायचे राहिलेत, दादा. तो चट्टा रविवारपर्यंत जाईल ना? सांगता येत नाही — बरोबर, तुम्ही पंपवाले, तुम्ही कसं सांगणार. नाही गेला तर मी सांगून टाकीन. खरंच. ह्यांच्यासमोर, त्यांच्यासमोर, काय म्हणायचं ते म्हणू देत. बाबांच्या पाठीवर मी हे घर नाही टिकवणार. — असं आत्ता तरी वाटतंय, रविवारी जीभ टाळूला चिकटली तर माहीत नाही.

बरं, जाता जाता एक बघाल? तुम्हाला यंत्रांतलं कळतं. त्यांचं कानातलं. म्हटलं रविवारी घालू, चारचौघांत बसतील, निदान त्यांच्याबद्दल काय ठरतंय ते त्यांच्या कानावर तरी पडेल. सेल बदलला की चालेल बहुतेक, वापरातच नाही ना, दोन वर्षं डबीतून — ही घ्या, उघडा तुम्हीच, झाकण घट्ट —

रिकामी आहे?

नाही, असं कसं. खाली कापसात बघा. — कापूसच आहे. नुसता.

बाबा.

बाबा, तुमचे खांदे हलतायत. — हसताय? तुम्ही हसताय! इकडे बघा. कान दाखवा. अगं आई गं. — कधीपासून? आज सकाळपासून? ... बाबा, डॉक्टर आले होते त्या दिवशी? त्या दिवशी कानात होतं?

आणि ते ठोके? चौदा वर्षं सगळे ठोके?

काय म्हणालात? मोठ्यानं बोला. — रविवारी तुम्ही बोलणार? तुम्ही? काय सांगणार त्यांना?

...‘हवा मानवली.’

अहो दादा, तुम्ही काय उभे राहिलात पाना घेऊन? झालं ना काम? द्या तो कागद, बाबा सही करतील, अक्षर चांगलं आहे त्यांचं. निघा तुम्ही आता, बस चुकेल. आणि दार नुसतं ओढून घ्या — माझे डोळे भरलेत, मला कडी दिसायची नाही.