दुपारच्या तीन गोळ्या

मी, सौ. मालन आत्माराम शिवलकर, वय ५६ वर्षे, धंदा घरगुती खाणावळ, राहणार मालगुंड, तालुका व जिल्हा रत्नागिरी. माझ्याविरुद्ध आलेल्या तक्रारीबाबत बोलावणे आल्यावरून आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, कोणी पढवल्यावरून नाही तर मला जे ठाऊक आहे त्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी पती आत्माराम यांच्यासह राहते. पती बोटीवर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, आता निवृत्त आहेत. त्यांना कॅन्सर असून तो पाठीच्या मणक्यात उतरला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांना आडवे होता येत नव्हते. खुर्चीत बसून समोरच्या टेबलावर डोके टेकून ते झोपत. त्यांच्या ओरडण्याचा आवाज वाडीत सगळ्यांना ऐकू जात होता. तेव्हा कोणीही तक्रार दिली नाही.

रत्नागिरी येथील डॉ. मृणाली यांनी त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या चालू केल्या. तेव्हापासून ते पलंगावर झोपतात, पडवीत येऊन बसतात आणि माझ्या आमटीला नावे ठेवतात. ते दिवसभर नशेत असतात हे तक्रारीतील म्हणणे खोटे आहे. सुरुवातीला थोडे दिवस झापड येई, ती गेली. पोट साफ होत नसे, त्यावर वेगळे औषध आहे. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावले आहे. गोळी ठरल्या वेळेला द्यायची, दुखणे वाढायची वाट बघायची नाही. आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही आणि एकदम बंद तर मुळीच करायची नाही. दारू चालत नाही. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, उरली तर दवाखान्यात परत. त्याप्रमाणे गोळ्या लोखंडी कपाटात कुलपात असतात व चावी माझ्या कमरेला असते.

शिवा भाटकर हे पतींचे मित्र असून आमच्या शेजारी राहतात. दोघांनी एकाच बोटीवर नोकरी केली. शिवाभावजींची कंबर धरलेली आहे. गेल्या आठवड्यात ते घरी येऊन म्हणाले, “वैनी, आत्माला गुण आला, तो मला काय कडू हाय? एक गोळी दे.” मी म्हणाले, “भावजी, ती त्यांच्या मापाची हाय. त्यांचा डोस वाढवत वाढवत आणलाय. तुम्ही डॉक्टरला पाठ दाखवा.” ते म्हणाले, “आयुष्य एका ताटात जेवलो, नि आता गोळीला माप?” आणि न बसता गेले. पती पलंगावरून ऐकत होते.

त्यानंतर मी दुपारची गोळी नेहमीप्रमाणे पतींच्या हातावर ठेवून, पाणी देऊन चुलीकडे परत जात होते. गणपतीपुळ्याला आलेली माणसे दुपारी जेवायला असतात. त्या दिवसांत दुपारी पतींना घाम फुटलेला व चेहरा ओढलेला दिसला. विचारले तर म्हणाले, “उकडतंय.” एके दिवशी ते पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसले होते. तेव्हाही उकडतंय असेच म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी शिवाभावजींची पत्नी मैना हाका मारीत आली. मी गेले. भावजी पडवीत पडले होते. बाजूला दारूचा ग्लास होता. घशातून घरघर येत होती, ओठ काळेनिळे पडले होते. एक श्वास घेतला की दुसरा कधी येतो याची वाट बघावी लागत होती. डोळे उघडून पाहिले तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ही लक्षणे डॉक्टरांनी मला सांगितलेली आहेत. मी मैनाला विचारले, “काय खाल्लंनी ह्यांनी?” तिने ओंजळ उघडली. त्यात तीन गोळ्यांची पुडी बांधलेला कागद होता, रिकामा. म्हणाली, “आत्मारामभावजींनी दिल्यानी. हे म्हणाले, एकीने काय होतंय, तिन्ही घेतो.”

मैना लिंबूपाणी पाजायला निघाली होती, ते मी तिच्या हातातून घेऊन ओतून टाकले. भावजींना कुशीवर वळवले, १०८ ला फोन केला, आणि गाडी येईपर्यंत त्यांना हलवत, नावाने ओरडत राहिले. त्यांचा पुतण्या दीपक गाडीत माझ्या शेजारी बसला. म्हणाला, “काकी, मासळी बाधली सांगूया. गोळीचं नाव काढलंस तर आपली दोन्ही घरं अडकतील.” दवाखान्यात शिरताच मी तिथल्या डॉक्टरांना सांगितले: मॉर्फिन, तीन गोळ्या, वर दारू. त्यांनी लगेच उताऱ्याचे इंजेक्शन दिले. भावजींनी डोळे उघडले. दीपक त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तक्रार दिली की मी घरातून नशेच्या गोळ्या वाटते.

पोलीस घरी येऊन सर्व औषध घेऊन गेले. मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, ती त्यांनी पाहिली नाही. कालपासून पतींना एकही गोळी नाही. त्यांची प्रकृती कशी आहे असे मला विचारण्यात आले. घरी जाऊन पाहावी.

काल मी शिवाभावजींना दवाखान्यात भेटले. ते म्हणाले, “वैनी, माझ्यावर चोरी घाल. मीच उशीखालनं काढल्या म्हणून सांग. आत्माचं नाव नको.” घरी पतींनीही मला सांगितले की, मी चावी त्यांच्यापाशी विसरले असे लिहून द्यावे, म्हणजे शिवावर काही येणार नाही. दोघांचेही मी ऐकणार नाही. चोरी झालेली नाही. चावी विसरलेली नाही. माझ्या पतींनी तीन दुपारी स्वतः दुखणे सोसून त्या गोळ्या मित्रासाठी राखल्या व स्वतःच्या हाताने दिल्या. ते मायेने केले आणि ते चूक होते. मित्र त्यातून मेला असता. दोन्ही लिहावे. त्याबद्दल जी काय विचारपूस करायची ती त्यांच्याकडे करावी, पण त्यांना गोळी दिल्यावर करावी. दुखण्यात ठेवणे ही कोणत्या कलमाची शिक्षा आहे ते मला दाखवावे.

जबाब चालू असताना मी डॉ. मृणाली यांना फोन लावून तो जबाब घेणाऱ्या साहेबांच्या हातात दिला. बोलणे झाल्यावर साहेबांनी चिठ्ठी मागून घेतली, वाचली आणि गोळ्या मोजून सही घेऊन माझ्या ताब्यात दिल्या. यापुढेही पतींना हे औषध देणार का, असे विचारल्यावरून सांगते की, होय. आता घरी गेल्याबरोबर, डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे देणार. माझ्यासमोर गिळल्याशिवाय आणि तोंड उघडून दाखवल्याशिवाय मी पलंगापासून हलणार नाही. खाणावळीतली माणसे थांबतील.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी ‘अमली पदार्थ’ असे लिहिलेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून ‘औषध’ असे केले आहे. आता तो माझ्या सांगण्याबरहुकूम असून खरा आहे, म्हणून सही करते.

मालन आत्माराम शिवलकर