गाडीत दिलेली गोळी

हसा तुमी! डॉक्टरानं विचारलं की मी सकाळी खाल्लेली सुपारीबी सांगतो. काहून, ते ऐका.

निजामाच्या राजवटीत माझी बहीण गंगू बाळंतपणात अडली. पुसेगावहून बैलगाडीत घालून तिला हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं. कळांचं दुखणं कमी करायची सुई भरता भरता डॉक्टरानं तिच्या सासूला विचारलं, "अफू-बिफू दिली का? खरं सांगा. अफूवर ही सुई दिली तर जिवाला धोका असतो."

"न्हाई. पानीबी न्हाई दिलं."

गंगू कण्हत म्हणाली, "आत्याबाई, गाडीतली ती गोळी..."

"कोणती गोळी?" मी विचारलं.

"कळांनी बरळून राहिली," सासू म्हणाली.

डॉक्टरानं सुई दिली. गंगू निपचित पडली.

"पाहा, कसा आराम पडला," सासू म्हणाली.

जराशानं डॉक्टर गंगूच्या गालावर चापट्या मारून राहिला, हाका मारून राहिला. ती उठलीच न्हाई. लेकरूबी पोटातच गेलं.

"बाई, मी विचारलं होतं ना?" डॉक्टर ओरडला.

सासूनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"व्हय, दिली. गाडीचे हिसके सोसंनात तिला. पण सुनेला अफू चारली, ही घरातली गोष्ट परक्या माणसाला काहून सांगाची?"