खाण रिकामी नाही

सासरे : म्हणजे सुरुंगाची भोकं पाडून झाली, दारूची पेटी आली, माणसं वर येऊन बसली, आणि आता तुम्ही म्हणता बार काढायचा नाही?

जावई : नाही काढायचा.

सासरे : कशासाठी? तर घुबडासाठी!

जावई : दोन पिल्लं आहेत, मामा. आणि त्यांची आई.

सासरे : मोर असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. घुबडाला कोण विचारतंय? माणसाला नावं ठेवायची तर घुबड म्हणतात!

लेक : बाबा, हळू. माणसं ऐकतायत.

सासरे : ऐकू देत! अगं, दुसरा कुणी सुरुंगवाला असता तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. हे पडले जावई. यांना बोलायचं म्हणजे आधी चहाची चौकशी करावी लागते. घेतलात का चहा?

जावई : घेतला.

सासरे : मग आता स्पष्ट विचारतो. जावईबापू, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?

जावई : आहे. सकाळी दोर लावून कड्यावरून खाली उतरलो होतो, भोकं तपासायला. कपारीत हात घालणार, तेवढ्यात आतून फुस्स झालं. मला वाटलं साप. बघतो तर दोन पांढरे गोळे. एवढेसे जीव, चोची वाजवून मलाच दम देत होते.

लेक : आणि ती कपार भोकांच्या खालीच आहे?

जावई : हातभर खाली.

लेक : अहो, मग तेव्हाच सांगायचं ना मला! मी पुलाच्या इंजिनीअरना शब्द देऊन बसले. उद्या दुपारी ट्रक लागणार. नदीला पाणी यायच्या आत भराव झाला नाही तर पूल अडला, आणि आपलं काम गेलं. पुन्हा कोण उभं करेल आपल्याला?

जावई : शब्द देताना मला विचारलंस?

लेक : दगड कधी निघेल ते तुम्हाला विचारायचं असतं, हे ठाऊक होतं. घुबडालाही विचारायचं असतं, हे नव्हतं ठाऊक.

सासरे : शाब्बास! माझी लेक शोभतेस.

जावई : बोला, दोघं मिळून बोला.

सासरे : त्यात बोलायचंय काय? पिल्लं उचला, टोपलीत घाला, पलीकडच्या डोंगरात सोडून या. विषय संपला.

जावई : वनखात्यात फोन करून विचारलं मी. हलवली तर आई त्यांच्याकडे जाईलच असं नाही म्हणाले. आणि पलीकडचा डोंगर म्हणजे कुठला, मामा?

सासरे : कुठला म्हणजे? तो आपला...

जावई : तो आपणच फोडून संपवला. त्याच्या अलीकडची टेकडी दुसऱ्या खाणवाल्यानं खाल्ली. खालचं तळं आपल्या भुकटीनं पांढरं झालंय, तिथं आता बगळासुद्धा उतरत नाही. कपारी आहेत, चार झुडपं आहेत, असं हे एकच अंग उरलंय. म्हणून आली ती इथं. सुरुंगाच्या शेजारी बिऱ्हाड करायची कुणाला हौस असते?

सासरे : एवढा कळवळा होता तर सुरुंगवाले कशाला झालात? शिंपी व्हायचं होतं.

जावई : दगड फोडायचं मला वाईट वाटत नाही. घर लागतं, पूल लागतो, दगड लागणारच. पण खाली जीव आहे हे माहीत असताना बटण दाबायचं, ते माझ्यानं होणार नाही. दाबलं तर मला माझी लाज वाटेल. एवढंच.

सासरे : तुमच्यानं होत नाही ना? मी करतो. परवाना माझ्याकडेही आहे. तुम्ही पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होता तेव्हापासून बार काढतोय मी.

लेक : बाबा, गुडघा बघा तुमचा. दारू भरायला खाली-वर करणार कसे?

सासरे : त्याला माणसं आहेत. बटण काही गुडघ्यानं दाबायचं नाही!

जावई : ठीक आहे. पण तिसऱ्या भोंग्यानंतर हाक मारावी लागते. ती पण तुम्हालाच मारावी लागेल.

सासरे : मारीन की! उभा जन्म गेला ती हाक मारण्यात. 'खाण रिकामी!' म्हणायचं आणि बार काढायचा. त्यात काय मोठंसं?

जावई : मी कामाला लागलो त्या दिवशी तुम्हीच बजावलं होतं. खाली डोळ्यांनी बघितल्याशिवाय हाक द्यायची नाही. मांजर जरी असलं तरी रिकामी म्हणायचं नाही. एकदा हाक खोटी पडली, की माणसं खऱ्या हाकेलाही उठायची नाहीत.

सासरे : ते माणसांच्या जिवासाठी होतं.

जावई : मांजर म्हणाला होतात.

लेक : म्हणाला होतात, बाबा. मला पण लहानपणी तेच सांगायचात.

सासरे : तू नक्की कुणाच्या बाजूची?

लेक : मी दगडाच्या बाजूची आहे. पण मांजर म्हणाला होतात.

सासरे : बरं बाई, बरं! आण तो कर्णा. आत्ताच एक हाक देऊन बघतो. आवाजानं ती घाबरून आपणहून उडून जाईल. मग तर कुणाची हरकत नाही? आई सोडून गेली तर आपण काय करणार! तू दुर्बीण लाव आणि सांग.

(सासरे कड्याच्या टोकाशी जाऊन तोंडाला कर्णा लावतात.)

सासरे : खाण रिकामीऽऽ! खाण रिकामीऽऽ! ...उडाली?

लेक : नाही.

सासरे : ऐकूच गेलं नसेल.

लेक : गेलं. मागं बघा, ड्रिलवाले जेवणाचे डबे टाकून पळाले. तिनं पण मान वळवून वर बघितलं. आणि बाबा, तिनं पंख पसरले. पिल्लांवर पांघरूण घातल्यासारखे. तशीच बसून आहे.

सासरे : पळाली नाही?

लेक : हलली पण नाही.

सासरे : या हाकेला भलेभले पळतात. तुझा काका एकदा चपला सोडून पळाला होता. मी स्वतः पळतो! दे इकडे ती दुर्बीण.

जावई : डावीकडं बघा. वाळक्या गवताच्या खाली.

सासरे : कुठं... हां. अरे बापरे! काय डोळे! सरळ माझ्याकडेच बघतेय. मी उशिरा घरी आलो की तुझी आई अशीच बघायची.

लेक : बाबा!

सासरे : खरं तेच सांगतोय. एक पिल्लू डोकं बाहेर काढतंय बघा... ढकललं तिनं त्याला आत. पुन्हा बाहेर आलं... पुन्हा ढकललं.

जावई : मामा?

सासरे : थांबा हो जरा. बघू द्या.

जावई : बघा, बघा.

सासरे : आयुष्यात पहिल्यांदा खोटी हाक मारली मी. रिकामी म्हणालो, आणि ती तिथं बसून आहे. फार वाईट वाटलं मला, जावईबापू.

जावई : अजून काही बिघडलेलं नाही. भोकं कोरी आहेत, दारू भरलेली नाही.

सासरे : पेटी कुलपात टाका. आणि आता मला सांगा, पुलात काय भरायचं? कळवळा?

लेक : मागच्या अंगाला ते मोठाले धोंडे पडलेत ना, कुणाला उचलत नाहीत म्हणून सोडलेले? ते फोडले तर?

सासरे : त्याला मशिन लावावं लागेल. डिझेल ढोसतं ते.

लेक : ढोसू दे. अहो, किती दगड निघेल?

जावई : निम्मा तरी निघेल. बाकीच्यासाठी तिकडंच नवी भोकं पाडू, लहान लहान बार काढू. हादरा इथवर येणार नाही. आठवडा द्या मला.

लेक : आणि इंजिनीअरना काय सांगू? घुबड बसलंय म्हणून दगड नाही? हसतील ते.

सासरे : हसू देत. खरं तेच सांग. आता आणखी एक खोटं नको माझ्या खाणीतून.

लेक : हॅलो, साहेब? हो, खाणीतूनच बोलतेय. उद्या निम्माच दगड मिळेल... कारण म्हणजे, आमच्या कड्यात घुबडाची पिल्लं आहेत... हो, घुबडच... चेष्टा नाही हो, शपथ... हो... हो, समजलं... काय म्हणालात?... बरं, विचारून सांगते.

सासरे : किती शिव्या दिल्या?

लेक : आधी त्यांना चेष्टाच वाटली. मग म्हणाले, एका बाजूनं भराव सुरू करतो, बाकीचा दगड आठवड्यानं आला तरी चालेल. त्यापुढं एक दिवस गेला तर दुसरा खाणवाला बघतो, असंही ठणकावलं. आणि शेवटी विचारलं, रविवारी मुलीला घेऊन आलो तर पिल्लं बघायला मिळतील का?

सासरे : खाण म्हणजे काय बाग वाटली का त्यांना! ...किती वाजता येणार म्हणाले?

लेक : विचारते.

सासरे : उडतील कधी ही पोरं?

जावई : महिना तरी जाईल. आणि इथं त्रास झाला नाही, तर पुढच्या वर्षी ती याच कपारीत येईल म्हणे.

सासरे : म्हणजे हे अंग कायमचंच गेलं म्हणा माझ्या हातातून.

जावई : गेलं नाही, मामा. राहिलं.

सासरे : जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, ते उगीच नाही! जा, ड्रिल मागच्या अंगाला हलवा. भुकटीवर पाणी मारायचा पंप बंद पडलाय, तो पण आजच दुरुस्त करून घ्या, त्या तळ्याची पार रया गेलीय. आणि तू ट्रकवाल्यांना सांगून ठेव, कड्याखालच्या वळणावर कुणी हॉर्न वाजवायचा नाही.

लेक : का?

सासरे : दिवसा झोपतात ती.