फरिश्त्याची आई

जिंतूरच्या स्टँडवर पाथरीची गाडी यायचं नाव घेत नव्हती. शिवमूर्ती मास्तर बाकावर एकटेच बसले होते. पुढच्या बाकावर कॉलेजातली एक पोरगी पुस्तक वाचत होती, अन् शेजारची म्हातारी तिला वाचू देत नव्हती.

"कशाचं पुस्तक हाय, बाई?"

"आभाळातून पडलेल्या देवदूताचं, मावशी. फरिश्ता म्हणतात ना, तसा."

"मंजी मुंजाच की. कोन्त्या पिंपळावर ऱ्हातो?"

"पिंपळावर न्हाई, कॉलेजात पोरांत बसतो. पंख गेले, म्हणून कुणी वळखत न्हाई."

"ढकललं कुणी त्याला?"

"तेच तर शोधायलेत सगळे."

"अन् वर त्याची आई?"

"आई न्हाई दाखवली पुस्तकात."

"न्हाई कशी? असंलच की. वाट बघत असंल."

"तुमी कुठं निघालात, मावशी?"

"कुठं न्हाई. औरंगाबादची गाडी बघते अन् जाते घरी. माझा मुंजाजी तिकडं शिकायला व्हता. मुंजाला नवस केला तवा झाला, म्हनून तेच नाव. नामांतराच्या गडबडीत कॉलेज बंद पडलं, सगळ्यांची पोरं घरी आली. पाच वर्सं झाली. तुझा फरिश्ता जातो का शेवटी घरी?"

पोरीनं पुस्तक मागून उघडलं. मास्तरांना तिच्या खांद्यावरून दिसलं. शेवटची पानं फाटून गेली होती, नुसता शिवणीचा दोरा उरला होता.

"जातो, मावशी."

"जेवला का मग?"

"जेवला. आईनंच वाढलं."