तेरड्याच्या कुळातलं एक आफ्रिकन फूल

आदरणीय अध्यक्ष पुरुषोत्तमकाका, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या डॉक्टर नीलांबरीकाकू, आणि शिकागोच्या थंडीला न जुमानता जमलेल्या सुहृदांनो, सर्वांना नमस्कार.

मी शंतनू, मूळचा नागपूरचा. जिथे वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून जपतात, त्या हर्बेरियममध्ये मी चार वर्षं काकूंच्या हाताखाली काम करतोय. दोन गोड आठवणी सांग, असा निरोप होता. पण मला पहिली आठवते ती भीती. काकू, सांगू ना?... मान हलवली त्यांनी. सांगतो.

टांझानियाच्या डोंगरातून आपल्या तेरड्याच्या कुळातलं एक फूल आलं होतं. पांढरंशुभ्र, मागे शेपटीसारखी वळलेली नळी, पानांच्या कडेला लाल केस. कुठल्याच वर्णनाशी जुळेना. म्हणजे नवी जात! काकूंनी दोन वर्षं खपून तिचं वर्णन लिहिलं. नाव आपल्या आईचं द्यायचं ठरवलं. पेपर सोमवारी सबमिट करायचा होता.

शुक्रवारी भलत्याच कपाटात मला वाळलेला नमुना चिकटवलेलं एक जुनं शीट सापडलं. नव्वद वर्षांपूर्वीचं. तीच नळी, तेच लाल केस, आणि खाली आधीच दिलेलं नाव!

माझ्या व्हिसाच्या कागदांवर काकूंची सही व्हायची होती. त्यांच्या आईचं नाव पुसणाऱ्याला त्या ठेवतील? मी शीट परत आत सरकवलं. रविवारी रात्री घरी सगळं सांगितलं. माझी बायको आश्लेषा म्हणाली, "सांगून टाक यार. नाहीतर प्रत्येक कपाट उघडताना घाबरशील."

सोमवारी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"काकू, पेपर पाठवू नका. ते फूल नवीन नाहीये."

त्या हळूच म्हणाल्या, "खिडकीजवळच्या कपाटातलं शीट ना? तीन आठवड्यांपूर्वी मीच तिथे लपवलं. रोज ठरवत होते, आज सांगीन. धीरच होत नव्हता रे."

दोघांनी मिळून ते शीट टेबलावर आणलं. आईचं नाव काकूंनी स्वतःच्या हातानं खोडलं. माझ्या कागदांवर सही त्याच दुपारी केली. पुढे पेपर जुन्याच नावानं छापला गेला; त्या जातीच्या फळांचं आणि बियांचं पहिलं वर्णन म्हणून. त्याच्या पहिल्या पानावर काकूंनी तळटीप दिलीय: "जुना नमुना सापडूनही मी तीन आठवडे दडवला. तो शंतनूने उघड केला."

हे सगळं बोलू दिल्याबद्दल काकूंचे, ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक निघून गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.